पालखीतला कुत्रा

आमची गाय विकायची की नाही, हे मी एका एक्सेल शीटवर ठरवलं होतं. शीट अजून माझ्या ड्राइव्हवर आहे. कडबा, पेंड, डॉक्टरची फी, उन्हाळ्यातले तीन महिने टँकरचं पाणी, सगळं महिनावार. शेवटच्या रकान्यात उत्पन्न, आणि तिथे वरपासून खालपर्यंत शून्य. गाय भाकड होऊन दोन वर्षं झाली होती. आजी जाऊन पाच महिने झाले होते. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले, आणि पहाटे चारला उठून अंधारात शेण काढायला जायचे. मी शीटचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. काका म्हणाले, पोरगा बरोबर बोलतोय. आठवड्याभरात त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं गाय नेली. आबांना विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे, हेच कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आमचं गाव धर्मापुरी, तालुका परळी, जिल्हा बीड. गुगलवर टाकलंत तर केदारेश्वराचं देऊळ येईल. चालुक्यकाळातलं आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघायला लांबून अभ्यासक येतात. किल्ल्याचे फोटोही येतील. पण मला जो इतिहास सांगायचा आहे तो देवळाचा नाही, आणि त्याचा बराचसा भाग गावापासून लांब साताऱ्यात घडलाय. तिथे कसा पोचलो ते आधी सांगतो.

गाय गेल्यावर आबा पहाटे चारला उठायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, बरं झालं, आराम मिळाला. मग सहाला उठायचे बंद झाले. नंतर नऊ वाजले तरी बाजेवर पडून असायचे, आणि काकू चहा घेऊन गेली की म्हणायचे, "उठून करू काय?" हे वाक्य तेव्हा मी तक्रार म्हणून ऐकलं. तो प्रश्न होता. कुणाजवळ उत्तर नव्हतं.

मग आम्ही त्यांना पुण्याला आणलं. हिंजवडीत नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आबांना बाल्कनी दिली, टीव्ही दिला, युट्यूबवर कीर्तनं लावून दिली. चाळीस दिवस राहिले. लिफ्टला घाबरायचे नाहीत, पण एकटे कधी खाली गेले नाहीत. एकदा मी मीटिंगमध्ये असताना दाराशी येऊन उभे राहिले. हेडफोन काढून विचारलं, "काय आबा?" तर म्हणाले, "काही न्हाई. तुझं चालू दे." तसेच थोडा वेळ उभे राहून परत गेले.

त्याच महिन्यात ऑफिसमधला साताऱ्याचा मित्र मला त्याच्या गावी घेऊन गेला. शनिवारी भटकत आम्ही संगम माहुलीला गेलो. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात ते ठिकाण. घाट, जुनी देवळं, राजघराण्यातल्या लोकांच्या समाध्या. त्यातच एका चौथऱ्यावर दगडी कुत्रा. मित्र म्हणाला, हा खंड्या, शाहू महाराजांचा कुत्रा.

मला आधी रायगडचा वाघ्या आठवला. तुम्हालाही तोच आठवला असेल. गल्लत नको. वाघ्या शिवाजी महाराजांचा म्हणून सांगतात. त्याचं स्मारक गेल्या शतकात, १९३६मध्ये उभं राहिलं. त्याला समकालीन पुरावा नाही, असं इतिहासाचे अभ्यासक सांगतात, आणि त्यावरून अधूनमधून मोठं रणकंदन होतं. खंड्या हा शिवाजी महाराजांचे नातू, साताऱ्याचे थोरले शाहू महाराज, यांचा. (कोल्हापूरचे राजर्षी शाहू फार नंतरचे.) याच्याबद्दल निदान छापील मजकूर आहे, तोही दोनशे वर्षांपूर्वीचा. आणि याच्यावरून कुणी भांडत नाही. कुणाला तो ठाऊकच नाही.

हा मजकूर ग्रँट डफच्या पुस्तकात सापडतो. पेशवाई बुडाल्यावर, १८१८ साली, कंपनी सरकारनं या स्कॉटिश अधिकाऱ्याला साताऱ्याला नेमलं. त्याला साताऱ्याच्या राजवाड्यातली आणि इतर ठिकाणची कागदपत्रं पाहता आली, जुन्या लोकांशी बोलता आलं, आणि १८२६मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत निघाला. स्कॅन केलेलं पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. मी ते परतीच्या बसमध्ये मोबाइलवर उघडलं. अक्षर बारीक, नावांचं स्पेलिंग भयंकर. शाहू महाराजांच्या शेवटच्या दिवसांपाशी आलो तेव्हा बस खंबाटकीत अडकली होती.

डफ सांगतो ते थोडक्यात असं. धाकट्या राणीच्या, म्हणजे सगुणाबाई मोहित्यांच्या मृत्यूचा धक्का बसून महाराजांच्या बुद्धीवर परिणाम झाला होता, अशी समजूत होती. याच काळात दोन मराठा सरदार भेटीला यायचे होते. महाराजांनी भर दरबारात आपल्या लाडक्या कुत्र्याला जरीची वस्त्रं चढवली, दागिने घातले आणि स्वतःच्या डोक्यावरचं पागोटं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. नंतर महाराज भानावर आले, पण डोक्यावर पुन्हा काही घातलं नाही. या कुत्र्यानं एकदा वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला होता. त्याच्या नावे त्यांनी रीतसर सनदा काढल्या, जहागीर दिली, पालखीचा मान दिला. लोकांनी महाराजांचं मन राखलं, आणि पालखीची सगळी व्यवस्था चालूही ठेवली.

डफनं हे सगळं वेडाच्या खात्यात टाकलंय. पुढे जातो आणि लगेच वारसाच्या भानगडीकडे वळतो. कुत्र्याचं नावही देत नाही. खंड्या हे नाव साताऱ्याच्या लोकांनी जपलं. (खंड्या नावाचा पक्षीही असतो, मासे मारणारा. पण कुत्र्याला हे नाव खंडोबावरून मिळालं असणार, असा माझा अंदाज. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच.)

बस हलेना, म्हणून मी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना आमच्या बाल्कनीतले आबा दिसायला लागले.

शाहू महाराजांचं आयुष्य एकदा सलग डोळ्यांपुढे आणा. जन्म १६८२चा. सातव्या वर्षी वडील, संभाजी महाराज, मारले गेले. त्याच वर्षी, १६८९मध्ये, रायगड पडला आणि आई येसूबाईंबरोबर हे मूल औरंगजेबाच्या छावणीत कैदी झालं. बादशहाची छावणी म्हणजे दख्खनभर फिरणारं शहरच. सतरा-अठरा वर्षं त्यात गेली. औरंगजेब मेल्यावर, १७०७मध्ये सुटका झाली, पण आई ओलीस म्हणून मागेच राहिली. ती परत आली १७१९मध्ये. घरी आल्यावर आधी काकूशी, ताराबाईंशी लढाई. मग १७०८ साली साताऱ्यात राज्याभिषेक. पुढची चाळीस वर्षं राज्य वाढत गेलं, पण ते वाढवणारे पेशवे आणि सरदार. महाराज साताऱ्यात. शिकार, मासेमारी, ससाणे, कुत्रे, घोडे, बागा यांत रमणारे. दोन राण्या, सकवारबाई आणि सगुणाबाई. पण गादीला मुलगा नाही.

सगुणाबाई गेल्या त्या १७४८ साली. तेव्हा महाराज सहासष्ट वर्षांचे. इथे एक गोष्ट मला खटकली. माझं रोजचं काम लॉग वाचायचं आहे, तारखा जुळल्या नाहीत की डोळा तिथेच अडकतो. डफ म्हणतो, महाराजांची ही अवस्था काही वर्षं होती. पण १७४८मध्ये राणी वारल्या आणि १५ डिसेंबर १७४९ला महाराज वारले, तर मध्ये वर्ष-सव्वा वर्षच उरतं. म्हणजे एक तर ‘काही वर्षं’ हे सैल लिहिलंय, किंवा महाराजांचं खचणं आधीपासून सुरू होतं आणि राणीचा मृत्यू हे लोकांनी नंतर जोडलेलं कारण. डफ ‘म्हणतात’ असा शब्द वापरतो, म्हणजे त्यालाही खात्री नव्हती. मी इतिहासाचा माणूस नाही, यापलीकडे माझी उडी जात नाही. पण कारण कोणतंही धरा, चित्र तेच राहतं. साठी ओलांडलेला, मूल नसलेला, बायको गमावलेला माणूस, आणि त्याच्याभोवती गर्दी.

गर्दी कसली? पुढच्या गादीवर कोण बसणार, यासाठी जमलेली. पेशव्यांना एक उत्तर हवं, सकवारबाईंना दुसरं, ताराबाई आपला नातू पुढे करतायत. महाराजांच्या खोलीत येणारं प्रत्येक माणूस काहीतरी मागायला येत होतं. सही, शिक्का, शब्द. कुत्रा मात्र खायला मागत होता. बास.

आता त्या सनदांकडे बघा. मला वाटतं, डफ इथे चुकला. मराठी राज्यात पालखीचा मान ही मोठी गोष्ट होती. ती मनात आली म्हणून कुणी बसायची वस्तू नव्हती. मान राजानं द्यायचा, आणि भोयांच्या, सरंजामाच्या खर्चाची तरतूदही मागे यायची. धन्याचा जीव वाचवणाऱ्याला इनाम देणं ही तर रीतच. हाच पराक्रम एखाद्या शिलेदारानं केला असता, वाघासमोर उभा राहिला असता, तर त्याला गाव इनाम मिळालं असतं आणि त्याच्या वंशजांनी ती सनद आज फ्रेम करून भिंतीवर लावली असती. महाराजांनी नियम बदलला नाही. तोच नियम कुत्र्याला लावला. यात वेड कुठे आहे? वेड असलंच तर पागोट्याच्या प्रसंगात आहे. त्यातसुद्धा मला नक्की सांगता येणार नाही. भेटायला आलेल्या सरदारांना कदाचित सांगायचं असेल, बघा, तुम्ही ज्याला मुजरा करता ते पागोटंच ना? मग घ्या, या डोक्यावर ठेवलं. पुढे ते कधीच परत घातलं नाही, यावरून तो नुसता झटका नसावा असं वाटतं. असो. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

ज्या लोकांनी महाराजांचं मन राखलं, पालखी चालू ठेवली, त्यांची नावं इतिहासात नाहीत. भोई असतील, कारकून असतील, कुत्र्यांची देखभाल करणारे नोकर असतील. त्यांनी एक्सेल शीट केली नाही.

म्हाताऱ्या माणसाला जनावराचा काय उपयोग, हा प्रश्न विज्ञानानं फार उशिरा विचारला. अमेरिकेत एरिका फ्रीडमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारातून वाचून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला आणि १९८०मध्ये निष्कर्ष छापले. घरी प्राणी असलेले ५३, त्यातले ३ वर्षात दगावले. प्राणी नसलेले ३९, त्यातले ११ दगावले. आकडा लहान आहे, आणि जो आधीच तब्येतीनं बरा तोच प्राणी पाळतो असंही असू शकतं. पण त्या एका पेपरनंतर असा अभ्यास करणाऱ्यांची रांग लागली. स्वीडनमध्ये सरकारी नोंदी इतक्या चोख असतात की २०१७ साली तिथल्या संशोधकांनी ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांची बारा वर्षांची माहिती तपासली. एकट्या राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रा होता, त्यांचा मृत्यूचा धोका कुत्रा नसलेल्यांपेक्षा ३३ टक्के कमी दिसला. कुटुंबात राहणाऱ्यांमध्ये फरक बराच लहान होता. म्हणजे कुत्र्याचा उपयोग सगळ्यात जास्त कुणाला, तर ज्याला दुसरं कुणी नाही त्याला. हेही संबंध दाखवतं, कारण सिद्ध करत नाही. सगळे अभ्यास एका सुरात बोलतात असंही नाही.

मला मात्र सगळ्यात जवळचा वाटला तो प्रयोग प्राण्यांचा नव्हता, कुंडीतल्या रोपाचा होता. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६मध्ये अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुमचे निर्णय तुम्ही घ्या, आणि हे एक रोप निवडा, त्याची काळजी तुमच्यावर. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ, आणि हे रोप, याला पाणी नर्स घालतील. दीड वर्षानं परत पाहिलं तर पहिल्या गटातले ४७पैकी ७ वारले होते, दुसऱ्या गटातले ४४पैकी १३. हे आकडेही लहानच, आणि त्यांच्या हिशेबावर पुढे शंका घेतल्या गेल्या. पण दुसऱ्या मजल्यावर जे सांगितलं गेलं ते वाचून मी मोबाइल खाली ठेवला. आम्ही तुमची सगळी काळजी घेऊ. हिंजवडीत मी आबांना अगदी हेच सांगितलं होतं.

म्हणून ‘सोबत’ हा शब्द मला अपुरा वाटतो. प्राणी सोबत देतो, हे खरंच. पण सोबत टीव्हीही देतो. प्राण्याचं वेगळेपण असं की त्याचं तुमच्यावाचून अडतं. सकाळी पाणी दाखवलं नाही तर तो हंबरतो, ओरडतो, दावं ओढतो. त्याला सुट्टी कळत नाही, तुमचं मन लागत नाहीये हे त्याला चालत नाही. सत्तरीनंतर माणसाच्या आयुष्यातून एकेक ‘अडणं’ काढून घेतलं जातं. शेत मुलगा बघतो, पैसे नातू बघतो, स्वयंपाकघर सून बघते. आपण याला सेवा म्हणतो.

आमच्या भागात ‘पेट’ हा शब्द कुणी वापरत नाही, ‘पाळीव प्राणी’सुद्धा पुस्तकातला. आम्ही जित्राब म्हणतो. जित्राब कामाचं असतं, दुधाचं असतं, विकायचं असतं. शहरातल्या वाचकाला वाटेल, मग हा लाडाचा प्राणी कसा? पण त्यात एक वळण येतं. गाय भाकड झाली, बैल थकला, की हिशेबात ते जित्राब राहत नाही. तरी म्हातारा त्याला सोडत नाही. तिथून पुढे ते लाडाचंच. आमची गाय लाल कंधारी होती, या भागातली जुनी जात. दूध फार नाही, पण काटक. दूध आटल्यावर आबा तिला काय देत होते ते दिसत होतं, कडबा आणि पेंड. ती आबांना काय देत होती, त्याला माझ्या शीटमध्ये रकानाच नव्हता.

बीडमध्ये म्हातारपणाचा विषय ऊसतोडीपासून वेगळा करता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेतलेल्या जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना असेल तिथे. पाच-सहा महिने गावात कोण उरतं? म्हातारे, शाळेतली नातवंडं, आणि बरोबर न नेलेली जनावरं. गाडीवाल्यांचे बैल जातात. शेळी, कोंबड्या, कुत्रं मागे राहतं. आमची एक चुलत शाखा अजून जाते. मी लहान असताना दिवाळी संपली की गल्ली अशी व्हायची की संध्याकाळी फक्त म्हाताऱ्यांच्या हाका ऐकू यायच्या. हाका बहुतेक शेळ्यांना असायच्या. हे मी गोड करून सांगत नाहीये. त्या वयात शेळ्यांमागे धावणं कष्टाचं आहे, आणि पोरं परमुलखात ऊस तोडतायत म्हणून म्हातारे एकटे, यात गोड काही नाही. पण त्या सहा महिन्यांत म्हाताऱ्याला गावात कामाचा माणूस मानलं जाई. घर त्याच्यावर, जित्राब त्याच्यावर.

दुष्काळात हे आणखी स्पष्ट दिसलं. २०१९च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. सरकारी अनुदान मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये, नंतर १००. लहान जनावरामागे ४५, नंतर ५०. जनावरांच्या कानाला बिल्ले, रोज मोजणी. पण जनावराबरोबर राहणार कोण? घरटी एक माणूस लागायचं, आणि बऱ्याच घरांतून ते माणूस म्हातारं असायचं. आमच्या घरातून आबा गेले. पत्र्याच्या नाही, शेडनेटच्या सावलीत, बाजेवर, गाईशेजारी जवळजवळ तीन महिने. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. एकदा भेटायला गेलो तर मला वाटलं, किती हाल. ऊन, धूळ, शेणाचा वास. आबा मात्र छावणीतल्या सगळ्यांची नावं सांगत होते, कुणाच्या बैलाला काय झालं, कोण पेंडीत काटा मारतं. आजीचा डबा घरून यायचा. मोजणीच्या वहीत गाय होती, आबा नव्हते. पण आबांना तिथे मी जितका जागा पाहिलं, तितका नंतर कधी नाही. छावण्यांत गैरप्रकार झाले, खोटी जनावरं दाखवली गेली, हेही खरं, त्यावर तेव्हा पेपरांतून बरंच आलं. माझा मुद्दा वेगळा आहे.

त्याच वर्षी बीड जिल्ह्याच्या एका माणसाला पद्मश्री मिळाली, हे गावात कौतुकानं बोललं जायचं. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, सगळे त्यांना शब्बीर मामू म्हणतात. स्वतःचं पोट हातावर असताना शंभरच्या वर गाई-गुरं सांभाळणारा माणूस. खाटकाला एकही विकायची नाही, हा त्यांचा नेम. दुष्काळी जिल्ह्यात इतक्या गुरांचा चारा आणायचा कुठून, हा हिशेब कुणीही केला तर शून्याच्या खालीच जाईल.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख माझ्या शीटइतकाच एकांगी होईल. अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या २००९च्या अहवालानुसार तिथे वर्षाला सुमारे ८६ हजार लोक कुत्र्या-मांजरांत पाय अडकून वगैरे पडतात आणि दवाखान्यात जातात. पडल्यावर हाड मोडण्याचं प्रमाण म्हाताऱ्यांत जास्त. आबांच्या बाबतीत काकूंना हीच भीती होती, आणि ती खोटी नव्हती. गाईनं झटका दिला की कासरा हातातून सुटत नाही, माणूस ओढला जातो. कुत्रं पाळायचं तर रेबीजची लस वेळेवर हवी, त्यात हयगय चालत नाही. आणि म्हातारा माणूस आधी गेला तर जनावराचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. शिवाय भाकड गाय ठेवणं खर्चाचं आहे. गोहत्याबंदी जुनी, पण २०१५च्या कायद्यात बैल-वळूही आले, आणि थकलेलं जनावर विकणं आणखी अवघड झालं. ज्याच्या घरात माणसांच्याच पाण्याला टँकर लागतो, त्याला मी ‘गाय ठेव, आजोबांना बरं वाटेल’ असं पुण्यातून सांगणं सोपं आहे. काकांनी गाय दिली यात त्यांचा दोष मी धरत नाही. माझा धरतो, कारण हिशेब मी मांडला आणि ज्याची गाय त्याला विचारलं नाही.

महाभारताच्या शेवटी म्हातारा धर्मराज हिमालयात चालत निघतो. बायको पडते, भाऊ एकेक करून पडतात, मागे एक कुत्रा येत राहतो. स्वर्गाच्या दाराशी इंद्र सांगतो, कुत्र्याला आत घेता येणार नाही. धर्मराज म्हणतो, मग मीही येत नाही. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे नंतर कळतं. आमच्या गावाच्या नावाचा या गोष्टीशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण लहानपणी आबांनीच ती सांगितली होती, आणि सांगताना ते शेवटचा भाग गाळायचे. कुत्रा धर्म होता वगैरे काही नाही. म्हातारा कुत्र्याला सोडून आत जाईना, इथे त्यांची गोष्ट संपायची. मी विचारायचो, मग पुढं? ते म्हणायचे, "पुढं काय, दोघं भाईर बसले."

संगम माहुलीहून आलो त्या रात्री मी आबांना खंड्याची गोष्ट सांगितली. जरीची वस्त्रं, पागोटं, जहागीर. आबांना हसू आलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "त्याला खायाला कोण घालायचं? राजा सोता?" मला माहीत नव्हतं. म्हटलं, नोकर असतील. आबा म्हणाले, "मग राजा येडाच झाला असंल." आणि कूस बदलून झोपले.

पुढच्या आठवड्यात त्यांना गावी सोडलं. गाय परत मिळणार नव्हती. ज्यांनी नेली त्यांच्याकडे ती बरी आहे, काका जाऊन बघून आले. दिवाळीनंतर चुलत भावाची जोडी कारखान्यावर निघाली, तेव्हा त्यांची एक पाट आबांच्या दावणीला बांधून गेली. शेळीला चारा थोडा लागतो, झटका देत नाही, आणि आबांना वाकावं लागू नये म्हणून काकांनी गव्हाण विटा लावून उंच करून दिली. शेळीबरोबर एक कुत्र्याचं पिल्लूही मागे राहिलं. त्याला लस टोचून आणायचं काम माझ्याकडे आलं.

चमत्कार झाला नाही. गुडघे तसेच आहेत, बीपीची गोळी वाढली आहे. आजीचा विषय निघाला की अजून गप्प होतात. चारला उठत नाहीत, पण पाच-साडेपाचला उठतात. पाट गाभण आहे. परवा रविवारी व्हिडिओ कॉल केला. कॅमेऱ्यात अर्धं कपाळ आणि वरचं माळवद दिसत होतं. मी विचारत होतो, गोळ्या घेतल्या का, दवाखान्याची तारीख कधी आहे. मागून शेळी ओरडली. आबा म्हणाले, "ठेव आता. तिला पाणी दाखवायचंय." फोन बंद करायला त्यांना जमत नाही. तो तसाच बाजेवर राहिला, आणि मी बराच वेळ माळवद बघत बादलीचा आवाज ऐकत होतो.